बारा इमाम आणि साडेपाच परगणे

जामखेड तालुक्याचा इतिहास म्हटला की दोन गोष्टी लगेच पुढे येतात: १७९५ ची खर्ड्याची लढाई आणि चौंडीच्या अहिल्याबाई. त्याच्याही दोनशे वर्षे आधी हा मुलूख नगरच्या निजामशाहीत होता, याची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. जामखेडच्या वायव्येला नगरचा किल्ला, दक्षिणेला परांड्याचा. नगरला सुलतान बसे. परांडा ख्वाजा जहान नावाच्या, बहामनी काळापासून वजन राखून असलेल्या सरदाराच्या ताब्यात होता. सोळाव्या शतकात याच परांड्याहून नगरला एक पाहुणा गेला आणि पंधरा वर्षांनी निजामशाहीचा राजधर्म बदलला.

नगरचा सुलतान तेव्हा बुऱ्हाण निजामशहा होता. १५१० मध्ये बाप अहमद वारला तेव्हा तो सात वर्षांचा. मुकम्मलखान दखनी या मुरब्बी कारभाऱ्याने राज्य सांभाळले आणि मुलाला शिकवण्यासाठी मुल्ला पीर महंमद शिरवानी हा सुन्नी विद्वान नेमला. बुऱ्हाण मोठा झाल्यावर हा गुरूच सुलतानाच्या वतीने परांड्याला काही कामासाठी गेला. तिथे त्याची गाठ एका इराणी निर्वासिताशी पडली. पीर महंमद त्याच्याकडे टॉलेमीचा 'अल मजिस्ती' हा खगोलशास्त्राचा ग्रंथ शिकायला बसला आणि वर्षभर परांड्यातच रमला. परत आल्यावर सुलतानाने उशिराचे कारण विचारले, तेव्हा त्याने या माणसाची इतकी तारीफ केली की १५२२ मध्ये बुऱ्हाणने त्याला मानाने नगरला बोलावून घेतले. पुढे ज्याच्याविरुद्ध त्याला फौज घेऊन उभे राहावे लागले, त्या माणसाला दरबारात आणले ते पीर महंमदनेच.

निर्वासिताचे नाव शाह ताहिर हुसैनी. इराणातल्या कझवीनजवळच्या खुंद गावच्या सय्यद घराण्यातला. हे घराणे इस्माइलींच्या एका शाखेचे इमामपद चालवत आले होते. इराणात शाह इस्माइल सफवीने बारा इमामी शिया पंथ राजधर्म केला, तेव्हा ताहिर काशानला अध्यापन करत होता. त्याच्याभोवती शिष्यांचा गोतावळा जमतो आहे असे पाहून शहाला संशय आला आणि ताहिरच्या जिवावर बेतले. १५२० मध्ये तो बायकामुलांसह जहाजाने निसटला आणि गोव्याला उतरला. तिथून विजापूर गाठले, पण इस्माइल आदिलशहाचे मन लढायांत होते, विद्वानांची त्याला मातब्बरी नव्हती. तेव्हा ताहिर परांड्याला आला. एका शिया राजाच्या तलवारीतून सुटलेला आणि दुसऱ्या शिया राजाने दुर्लक्षिलेला हा माणूस शेवटी सुन्नी सुलतानाच्या पदरी राहिला.

नगरच्या किल्ल्यातल्या मशिदीत त्याची प्रवचने सुरू झाली. शहरातले मुल्ला-मौलवी वाद घालायला येत आणि बुऱ्हाण स्वतः ऐकायला बसे. पंथाचा उच्चार ताहिरने तेव्हा केला नाही. बराच काळ केला नाही.

त्या दरबारात पंथ हा नुसता नमाजाचा प्रश्न नव्हता. बहामनी काळापासून दख्खनच्या मुसलमान सरदारांत दोन तट होते. एक दखनी, म्हणजे इथेच जन्मलेले, बहुतेक सुन्नी. दुसरे आफाकी किंवा परदेशी, म्हणजे इराण-तुराणातून नशीब काढायला आलेले, त्यांत शियांचा भरणा मोठा. हबशी कधी या बाजूला, कधी त्या. १४८१ मध्ये महमूद गावान या परदेशी बहामनी वजिराचा शिरच्छेद झाला. त्या कटात मलिक हसनचा हात होता, आणि हा हसन म्हणजे बुऱ्हाणचा आजा. दखनी पक्षाच्या पुढाऱ्याचे हे घराणे. फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे हा हसन मूळचा पाथरीच्या कुळकर्ण्याचा मुलगा, लढाईत कैद होऊन मुसलमान झालेला. बुऱ्हाणने पुढे वऱ्हाडच्या इमादशहाकडून पाथरी हिसकावून घेतली ती या मूळगावाच्या ओढीने, आणि तिथल्या आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना ती इनाम दिली, असेही फिरिश्ता सांगतो. ओढ खरी असेल. पाथरीचे महसुली मोलही कमी नव्हते.

बापाचा इतिहास तर आणखी बोलका आहे. विजापूरच्या युसूफ आदिलशहाने १५०३ च्या सुमारास बारा इमामांच्या नावाने खुत्बा वाचवला, तेव्हा त्याच्यावर चालून गेलेल्या शेजाऱ्यांत अहमद निजामशहा होता. शुक्रवारच्या नमाजात खुत्बा कोणाच्या नावाने वाचला जातो यावर राजा कोण आणि पंथ कोणता हे दोन्ही एकदमच जाहीर होई. युसूफला राजधानी सोडून वऱ्हाडात जावे लागले आणि इमादशहाच्या सल्ल्याने खुत्बा मागे घ्यावा लागला. धर्म बदलला की शेजारी एकत्र येतात, हा धडा बुऱ्हाणच्या घरातच होता.

आता साडेपाच परगण्यांची गोष्ट. १५२४ मध्ये शाह ताहिरच्या मध्यस्थीने बुऱ्हाणचे लग्न इस्माइल आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिच्याशी सोलापूरला झाले. हुंडा म्हणून सोलापूरचा किल्ला आणि त्याखालचे साडेपाच परगणे मिळतील असे नगरवाले समजून चालले होते. विजापूरने ते दिले नाहीत. 'असे वचन दिलेच नव्हते' असा पवित्रा घेतला. मग लढाई झाली, पुन्हा झाली, आणि पुढची तीसेक वर्षे होतच राहिली. पंथांचा विचार करताना हे भांडण नजरेआड होऊ देऊ नये. नगर सुन्नी आणि विजापूर शिया असताना ते सुरू झाले होते.

१५२९ च्या सुमारास बुऱ्हाणने शेख जाफर या पेशव्याला काढून कवरसेन नावाच्या ब्राह्मणाला पेशवा केले. निजामशाहीत पेशवा म्हणजे मुख्य प्रधान. शिवकाळाच्या शंभर वर्षे आधी नगरला एक ब्राह्मण पेशवा होता, हे आपल्याकडे सहसा सांगितले जात नाही. दखनी आणि परदेशी यांच्या भांडणात न अडकलेला माणूस राजाला हवा असावा, असे मला वाटते. कवरसेनचे खरे काम डोंगरात होते. निजामशाहीच्या मुलखातले कित्येक मराठे गढीवाले आणि किल्लेदार तोवर नगरला जुमानत नव्हते. काहींना बोलून, काहींना लढून त्याने वळवले आणि तीसेक किल्ले सुलतानाच्या छायेत आणले. फिरिश्ता हे दोन-चार ओळींत उरकतो. खुत्ब्यावर मात्र तो पानेच्या पाने लिहितो. राज्य कशावर उभे राहिले असे विचारले तर माझे मत त्या दोन-चार ओळींना.

दोन्ही सल्लागारांची कसोटी गुजरातच्या बहादूरशहापुढे लागली. त्याने दख्खनवर दडपण आणले, नगरपर्यंत फौजा आणल्या आणि १५३० च्या सुमारास बुऱ्हाणला भेटीसाठी बुऱ्हाणपूरला बोलावले. पेच मानाचा होता. बहादूर तख्तावर बसलेला आणि आपण समोर उभे राहून मुजरा करायचा, हे बुऱ्हाणच्या गळी उतरेना. तेव्हा ताहिरने युक्ती काढली. खुद्द हजरत अलींच्या हातचे मानले जाणारे कुराण डोक्यावर घेऊन तो पुढे चालला. पवित्र ग्रंथ येतो आहे म्हटल्यावर बहादूरशहाला तख्तावरून उतरावेच लागले. तो उतरला, बुऱ्हाणने लवून सलाम केला, आणि दोघेही उभेच असल्यामुळे कोणाचा मान गेला नाही. बुऱ्हाण परतला तो 'शाह' ही पदवी आणि छत्र घेऊन. कुराण अलींच्या हातचे असल्यामुळे शिया विद्वानाची भक्ती झाली आणि कुराणच असल्यामुळे सुन्नी सुलतानाला विटाळ वाटला नाही. पुढच्या काळात विजयनगरच्या रामरायानेही आपल्या नोकरीतल्या मुसलमान शिपायांसाठी तख्ताशेजारी कुराण ठेवले होते, म्हणजे त्यांचा मुजरा त्यांच्या श्रद्धेला बाध न आणता घेता येई. दख्खनच्या दरबारांत असे तोडगे रुळले होते.

१५३४ मध्ये विजापूरला इस्माइल वारला. त्याच्या मागून आलेल्या इब्राहीम आदिलशहाने शिया खुत्बा बंद करून सुन्नी खुत्बा सुरू केला आणि परदेशी शिपायांना मोठ्या संख्येने कमी केले. तीन वर्षांनी नगरने नेमके उलट केले.

१५३७ मध्ये बुऱ्हाणचा लाडका धाकटा मुलगा अब्दुल कादिर तापाने फणफणला. हकीम थकले. सुलतानाने दानधर्म केला, नवस बोलले. यात सगळ्यांनाच सामावून घेतले होते, मुसलमान फकीर आले तसे ब्राह्मणही. अशा वेळी ताहिरने तोंड उघडले. आधी त्याने अभय मागून घेतले. मग म्हणाला की मूल बरे झाले तर बारा इमामांच्या नावाने खुत्बा वाचीन असा नवस करा. बुऱ्हाणने केला. रात्री मुलगा अंगावरचे पांघरूण फेकून देई, शेवटी बापाने 'राहू दे, शेवटच्या घटकेला वारा तरी लागेल' म्हणून ते टाकू दिले आणि खाटेला डोके टेकून झोपला. स्वप्नात पैगंबर बारा इमामांसह आले. जाग आली तेव्हा पांघरूण मुलाच्या अंगावर होते आणि ताप उतरत होता.

फिरिश्ता असे सांगतो. यातले चमत्काराचे माप ज्याने त्याने ठरवावे. मला इथे ताहिर कसा वागला हे जास्त महत्त्वाचे वाटते. नगरला येऊन त्याला पंधरा वर्षे झाली होती, राजाचा विश्वास पुरता बसला होता, आणि विजापूर सुन्नी झाल्यामुळे तिथून निघालेल्या परदेशी लढवय्यांना आसरा हवा होता. सफवी इराणशी मैत्री जोडायची तर त्यालाही ही वेळ बरी होती.

पुढची चाल चमत्काराहून जास्त पद्धतशीर. सुलतानाने घाईने खुत्बा बदलू नये, आधी विद्वानांना बोलवावे, असे ताहिरने सुचवले. चारही सुन्नी मझहबांचे, म्हणजे धर्मशास्त्राच्या शाखांचे, पंडित जमले. कोणता मझहब श्रेष्ठ यावर ते महिनोन् महिने आपापसांत झगडले, आणि जो तो दुसऱ्याचे दोष काढत गेला. शेवटी कंटाळून सुलतानाने विचारले की या चारांखेरीज आणखी काही आहे का. मग शेख अहमद नजफी हा शिया पंडित पुढे करण्यात आला आणि ताहिर त्याच्या बाजूने बोलू लागला. पंधरा वर्षे शेजारी बसलेला माणूस कोण आहे, हे सुन्नी पंडितांना तेव्हा कळले. बुऱ्हाणने सगळ्यांसमोर स्वप्न सांगितले. राजवाड्यातले आणि दरबारातले बरेच लोक त्याच्यामागोमाग शिया झाले. खुत्ब्यातून पहिल्या तीन खलिफांची नावे गेली, छत्र-निशाणांचा रंग हिरवा झाला. सुन्नी मौलवींची वर्षासने बंद करून शियांकडे वळवण्यात आली. इतकेच नव्हे, तर पहिल्या खलिफांना जाहीरपणे नावे ठेवण्यासाठी माणसे पगारावर ठेवल्याची नोंद आहे. राजाने आपली श्रद्धा बदलणे एक आणि अर्ध्या शहराच्या श्रद्धेला रस्त्यावर शिव्या देवविणे दुसरे. इथे सल्लागार चुकला असे मी म्हणेन.

नगर पेटले. पुढारी झाला मुल्ला पीर महंमद, राजाचा गुरू. फिरिश्ता त्याच्या पाठीशी बारा हजार माणसे असल्याचे लिहितो. ही गर्दी किल्ल्यासमोरच्या काळ्या चबुतऱ्याजवळ जमली. बुऱ्हाणऐवजी त्याच्या एखाद्या मुलाला तख्तावर बसवावे आणि ताहिरला संपवावे असा बेत होता. राजा घाबरला. ताहिरने काही आयता मंतरून मूठभर माती शत्रूच्या दिशेने फेकायला दिली, हा भाग कथेचा. कामाला आला तो दुसरा उपाय. थोडे स्वार आणि काही हत्ती घेऊन बुऱ्हाण हिरव्या छत्राखाली दरवाज्याबाहेर पडला आणि दवंडी दिली: जो सुलतानाचा असेल त्याने छत्राखाली यावे, जो येणार नाही तो बंडखोर. पंथ कोणाचा खरा हा प्रश्न एका क्षणात बाजूला पडला. सरदारांची पोरेबाळे, जहागिरी, घरेदारे नगरातच होती. एकेक करून ते छत्राकडे सरकले आणि पीर महंमद थोड्या माणसांनिशी उरला. तो पकडला गेला.

बुऱ्हाणला त्याचे डोके हवे होते. ताहिर आडवा आला. परांड्याच्या जुन्या शिष्याला, जो आता आपल्याच जिवावर उठला होता, त्याने मृत्युदंडातून सोडवले. पीर महंमद किल्ल्यात कैद झाला आणि काही वर्षांनी, पुन्हा ताहिरच्याच रदबदलीने, सुटला. ताहिरच्या सगळ्या कारभारात ही एक गोष्ट मला निर्विवाद वाटते. दखनी पक्षाला त्या दिवशी हुतात्मा मिळाला असता तर नगर किती दिवस जळत राहिले असते कोणास ठाऊक.

अपेक्षेप्रमाणे शेजारी एकवटले. विजापूर, गुजरात, खानदेश यांनी निजामशाही वाटून घेण्याच्या गोष्टी सुरू केल्या. बुऱ्हाणने दिल्लीला हुमायूनकडे वकील धाडला की तुम्ही गुजरातवर या, आम्ही साथ देतो. हुमायून सुन्नी होता, पण ही अडचण कोणाच्याच मनात आली नाही. शेरशहाने त्याला गाठले म्हणूनच ते जमले नाही. इराणच्या शाह तहमास्पने अभिनंदनाचा वकील पाठवला, आणि ज्या सफवी दरबारातून ताहिर जीव घेऊन पळाला होता तिथेच त्याचा मुलगा शाह हैदर नगरचा प्रतिनिधी म्हणून गेला. विजापुरातून कमी केलेल्या परदेशी शिपायांना बुऱ्हाणने आपल्याकडे घेतले, आणि लढाईच्या दृष्टीने धर्मांतराचा सगळ्यात रोकडा फायदा हाच झाला.

भांडण मात्र कशाचे राहिले? सोलापूरचे. आता नगर शिया होते आणि विजापूर सुन्नी. दोन्ही घराण्यांनी तीन वर्षांच्या अंतराने पंथांची अदलाबदल केली होती, आणि साडेपाच परगणे होते तिथेच होते. त्यांच्यासाठी बुऱ्हाणने विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी केली. १५५० च्या आगेमागे आधी कल्याणी आणि मग सोलापूर नगरच्या ताब्यात आले. एका बाजूला शिया सुलतान, त्याचा हिंदू मित्र, दोघांच्या पदरचे मराठे आणि परदेशी स्वार, समोर सुन्नी आदिलशहा आणि त्याच्याही पदरी मराठेच. पंधरा वर्षांनी, १५६५ मध्ये, याच घराण्यांचे पुढचे सुलतान एक होऊन रामरायावर गेले. त्या लढाईला धर्मयुद्ध म्हणणाऱ्यांनी आधीची ही वर्षे एकदा वाचावीत.

या सगळ्याचा कुणब्याला किती ताप झाला असेल? खुत्बा नगरच्या मशिदीत बदलला. गावचा पाटील, कुळकर्णी, देशमुख जागचे हलले नाहीत. निजामशाहीच्या सुरुवातीच्या काळात दलपतिराज नावाच्या अधिकाऱ्याने 'नृसिंहप्रसाद' हा धर्मशास्त्राचा अवाढव्य संस्कृत ग्रंथ लिहिला, तो स्वतःला निजामशहाच्या दप्तराचा प्रमुख म्हणवतो. म्हणजे सुलतानाचा कारभारी दिवसा फार्सी कागद पाहत होता आणि श्राद्ध-प्रायश्चित्तांचे निर्णयही लिहीत होता. देवगिरीला एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार पाहत. निजामशाहीतले मालोजी भोसले यांनी नगरच्या शाह शरीफ या सुन्नी पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी कथा घराण्यात चालत आली. दरबारात शिया-सुन्नींची झोंबाझोंबी चालू असताना बाहेर हा व्यवहार चालूच होता. त्याला कोणी धोरण असे नाव दिले नाही.

दरबारी दुही मात्र मिटली नाही. हे सांगणारा फिरिश्ता हा स्वतः तिचा साक्षीदार. अस्तराबादेतून आलेल्या कुटुंबातला, नगरच्या दरबारात वाढलेला. १५८९ मध्ये दखनी आणि मेहदवी या आणखी एका मुसलमान पंथाच्या लोकांनी जमालखानाच्या पुढारपणाखाली सत्ता घेतली, परदेशी दिसेल तिथे कापला गेला आणि दोन वर्षे नगरात मेहदवी पंथाचा अंमल होता. १५९१ मध्ये जमालखान रोहणखेडच्या लढाईत पडला आणि दुसऱ्या बुऱ्हाणने पुन्हा बारा इमामांचा खुत्बा सुरू केला. फिरिश्ता त्या धामधुमीत जीव वाचवून विजापूरला गेला आणि तिथे ग्रंथ लिहिला. सय्यद अली तबातबाईचा 'बुऱ्हान-ए-मआसिर' तर दुसऱ्या बुऱ्हाणच्याच पदरी लिहिला गेला. ताहिरबद्दल इतक्या आदराने आपल्याला कोण सांगते आहे हे विसरता येत नाही. पीर महंमदची बाजू लिहिणारा कोणी राहिला नाही.

शाह ताहिर १५४९ च्या सुमारास वारला, बुऱ्हाण १५५३ मध्ये. दोघांचे देह पुढे करबलेला नेण्यात आले. बुऱ्हाणचे डोळे मिटताच वारशाचे भांडण लागले. थोरला मुलगा हुसैन याच्या मागे परदेशी आणि हबशी सरदार उभे राहिले. दखनी मुसलमान आणि हिंदू सरदार उभे राहिले ते अब्दुल कादिरच्या मागे, ज्याच्या तापासाठी बापाने बारा इमामांना नवस केला होता त्याच मुलाच्या. हुसैनने तख्त घेतले. कादिरचे लोक पांगले आणि तो वऱ्हाडात सुन्नी इमादशहाच्या आश्रयाला गेला. तिथेच तो मेला.